चौघांत एक नोकरी: शिकागोच्या क्रिस्तो रे शाळेचं प्रकरण

सकाळी शाळेच्या दारातून गाड्या निघतात. आत बसलेली मुलं-मुली चौदा-पंधरा वर्षांची. मुलांच्या गळ्यात टाय, मुलींचा पोशाख कचेरीला शोभेल असा. गाड्या जातात शिकागोच्या मध्यवस्तीत, ज्या भागाला तिथले लोक 'लूप' म्हणतात. वकिलांच्या कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं अशा ठिकाणी ही मुलं उतरतात आणि दिवसभर काम करतात. फायली लावणं, टपाल वाटणं, झेरॉक्स काढणं, संगणकात नोंदी भरणं, स्वागतकक्षात फोन घेणं. संध्याकाळी परत येतात. दुसऱ्या दिवशी ती वर्गात असतात आणि त्यांच्या खुर्चीवर कचेरीत दुसरं कुणी.

या कामाचा पगार मुलांच्या हातात येत नाही. तो शाळेकडे जातो आणि त्यातून त्यांच्याच शिक्षणाचा बराचसा खर्च भागतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात सरळ 'बालमजुरी' हाच शब्द आला. नंतर शाळेचा इतिहास बघत गेलो तशी ती पहिली प्रतिक्रिया टिकली नाही, पण तिच्यातली टोचणी पूर्ण गेलीही नाही. गरिबांच्या मुलांसाठी चांगली शाळा चालवायची तर कुणाचे तरी कष्ट बिनमोल किंवा कमी मोलात घ्यावे लागतात. ते कुणाचे, हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

धर्मभगिनींच्या कष्टांवर उभी राहिलेली व्यवस्था

शाळेचं नाव क्रिस्तो रे जेझुईट हायस्कूल. 'क्रिस्तो रे' म्हणजे स्पॅनिशमध्ये ख्रिस्तराजा. १९९६ साली शिकागोच्या पिल्सन भागात ती सुरू झाली. पण तिची गरज का पडली हे कळायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

१८८४ साली बाल्टिमोरच्या धर्मसभेत अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी ठरवलं, की प्रत्येक धर्मग्रामात चर्चसोबत शाळाही हवी. आयरिश, पोलिश, इटालियन, चेक, स्लोव्हेनियन अशी स्थलांतरितांची लोंढ्यांनी भर पडत होती. सरकारी शाळांवर प्रोटेस्टंट छाप होती आणि आपल्या पोरांचा धर्म नि भाषा दोन्ही जातील ही आईबापांना भीती. त्यामुळे गिरणी-कारखान्यात राबणाऱ्या माणसांनी नाणं नाणं जमवून शाळा बांधल्या. १९६५च्या सुमारास ही व्यवस्था शिखरावर होती: ५२ लाखांहून जास्त मुलं कॅथलिक शाळांत शिकत होती.

इमारती वर्गणीतून झाल्या, पण शाळा रोज चालत ती सिस्टरांमुळे. त्या काळी अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येनं शिकवण्याचं काम करत. मठात राहणं, साधं खाणं, हातखर्चापुरता पैसा. एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं. फी नाममात्र असे, ती यामुळेच. कॅथलिक चर्चमध्ये मोठे बदल घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६२-६५) वर्षांत धर्मभगिनी झपाट्यानं कमी झाल्या. कुणी संस्था सोडली, नव्या मुली येईनाशा झाल्या. त्यांच्या जागी बाहेरचे शिक्षक नेमावे लागले, त्यांना संसार चालेल एवढा पगार देणं भागच होतं, आणि फी वाढली. तोवर आयरिश-पोलिश कुटुंबं उपनगरांत निघून गेली होती. जुन्या वस्त्यांत नवे लोक आले, तेही बहुतेक कॅथलिक, पण त्यांना ही फी झेपणारी नव्हती. शाळांना एकामागून एक कुलपं लागली.

आपल्याकडच्या वाचकाला इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर सगळं प्रकरणच कोड्यासारखं वाटेल. महाराष्ट्रात वसईची असो की मुंबईची, कॅथलिक संस्थेची शाळा अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार सरकार देतं. संस्था चर्चची आणि वेतन शासनाचं, यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. अमेरिकेत धर्म आणि शासन यांच्यातली भिंत वेगळी आहे. पेनसिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराला हातभार लावणारे कायदे केले होते. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. अनुदानाचा जो रस्ता आपल्या शाळांना सहज मिळाला, तो तिथं बंद झाला. म्हणजे सिस्टर गेल्या, सरकार येणार नाही आणि आईबापांच्या खिशात पैसे नाहीत. या तीन गोष्टी एकत्र धरल्या की पिल्सनच्या लोकांनी पुढं जे केलं त्याचा अर्थ लागतो.

जेझुईटांची जुनी अडचण

जेझुईट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, यांनी बाहेरच्या मुलांसाठी पहिली शाळा १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना इथं उघडली. शिक्षण फुकट द्यायचं, हा त्यांचा नियम होता. राजे, सरदार, नगरं देणगी देत आणि त्या ठेवीवर शाळा चाले. अठराव्या शतकात संघ बरखास्त झाला, १८१४ साली पुन्हा उभा राहिला, पण त्या जुन्या देणग्या आणि जमिनी गेल्या त्या गेल्याच. अखेर १८३३ साली पोपनं त्यांना फी घेण्याची मुभा दिली. ती अडचणीपोटी दिलेली सवलत होती. पुढं तीच रीत झाली.

शिकागोतच बघा. फादर आर्नोल्ड डेमन यांनी १८७० साली उघडलेली सेंट इग्नेशियस ही जेझुईट शाळा पिल्सनपासून जवळच आहे. ती सुरू झाली तेव्हा भोवती गरीब स्थलांतरितांची वस्ती होती. आज ती शहरातल्या नामांकित आणि महागड्या शाळांपैकी एक आहे. चांगली शाळा हळूहळू ऐपतवाल्यांची होत जाते, हे आपण पुण्या-मुंबईतही पाहिलं आहे. त्यात कुणाचा दुष्ट हेतू असतो असं नाही. पण १९७३ साली संघाचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे यांनी जेझुईट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढं बोलताना बजावलं होतं, की आपल्या शिक्षणातून इतरांसाठी जगणारी माणसं घडली पाहिजेत. हे शब्द घेऊन काम करणाऱ्या पिढीला शेजारच्या गरीब वस्तीकडं डोळेझाक करणं कठीण होतं.

घरोघरी जाऊन विचारलं

पिल्सन हे नावच चेक लोकांनी आपल्या प्लझेन शहरावरून दिलेलं. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी शेजारची वस्ती उठवली गेली, तेव्हा तिथली मेक्सिकन कुटुंबं मोठ्या संख्येनं पिल्सनमध्ये आली. पुढच्या वीस वर्षांत हा भाग आणि पलीकडचं 'लिटल व्हिलेज' पुरतं मेक्सिकन झालं. माणसं हॉटेलांत, कारखान्यांत, बांधकामावर राबणारी. आपल्या मुलांना जवळ सरकारी हायस्कूल मिळावं म्हणून इथल्या आयांनी आंदोलन केलं होतं, त्यातून १९७७ साली बेनितो हुआरेझ हायस्कूल उभं राहिलं. शिक्षणाची तळमळ या वस्तीला कुणी बाहेरून येऊन शिकवावी लागली नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेझुईटांचे शिकागो प्रांताधिकारी फादर ब्रॅडली शेफर यांनी या भागात काहीतरी करायचं ठरवलं. काय करायचं ते आधी ठरलं नव्हतं. फादर जिम गार्टलंड यांना वस्तीत धाडलं गेलं: लोकांना विचारा, त्यांना काय हवंय. उत्तर आलं ते हायस्कूलचं. तेही मुलामुलींचं एकत्र, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत शिकवणारं आणि परवडणारं.

'एकत्र' या शब्दावर थोडं थांबावंसं वाटतं. १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावरच्या परिपत्रकात सहशिक्षण चुकीचं आणि घातक म्हटलं होतं. जेझुईटांच्या शाळा तर परंपरेनं मुलांच्याच. शिकागोच्या सेंट इग्नेशियसनंही मुलींना दार उघडलं ते १९७९ साली, शंभराहून अधिक वर्षांनी. पिल्सनमध्ये मात्र हा वाद झालाच नाही. भाऊ एका शाळेत आणि बहीण दुसऱ्या, असं दोन ठिकाणी पोरांना पाठवणं या कुटुंबांना जमणारं नव्हतं. शिवाय मुलगी मागं राहिलेली आईबापांना चालणार नव्हती. शाळा पहिल्या दिवसापासून सहशिक्षणाची झाली. पुढं कचेऱ्यांत पाठवायच्या चौघांच्या गटातही मुलं आणि मुली सारख्याच हक्कानं आली. पोपच्या परिपत्रकापासून इथवरचं अंतर कॅथलिक शिक्षणानं सदुसष्ट वर्षांत कापलं, आणि या शाळेत तरी ते कुठल्या सिद्धान्ताच्या जोरावर कापलं गेलं नाही. आयांनी मागितलं, म्हणून झालं.

फादर जॉन फोली तेव्हा पेरूमध्ये होते. ३४ वर्षं तिथल्या शाळांत घालवलेला, स्पॅनिश मातृभाषेसारखी बोलणारा हा शिकागोचाच माणूस. त्यांना परत बोलावून शाळेचे पहिले अध्यक्ष केलं गेलं. इमारतही मिळाली: स्लोव्हेनियन स्थलांतरितांच्या सेंट स्टीफन धर्मग्रामाची जुनी वास्तू. एका लाटेच्या स्थलांतरितांनी बांधलेलं घर दुसऱ्या लाटेच्या मुलांना.

सगळं जमत होतं. पैसे तेवढे जमत नव्हते. फी घेतली तर ज्यांच्यासाठी शाळा काढायची तेच बाहेर राहणार. देणग्यांवर एखाद-दोन वर्षं निघाली असती, पन्नास वर्षं नव्हे.

मुलांनीच काम केलं तर?

तोडगा सुचवला रिचर्ड मरे या व्यवस्थापन सल्लागारानं. चार मुलांनी मिळून एक पूर्णवेळ नोकरी करायची. सोमवार ते शुक्रवार कामाचे दिवस पाच. त्यांतले चार दिवस चौघांना एकेक आणि उरलेला पाचवा दिवस दर आठवड्याला पाळीनं एकाला. चार आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच दिवस काम येतं आणि बाकीचे पंधरा दिवस शाळा. कचेरीची खुर्ची एकही दिवस रिकामी नाही. कंपनीला नवशिक्या कारकुनाचं काम करून मिळतं, तिनं त्या जागेचा मोबदला शाळेला द्यायचा. बुडालेले तास भरून काढायला शाळेचा दिवस आणि वर्ष दोन्ही थोडं लांबवलं.

कागदावर ही मांडणी सोपी दिसते. प्रत्यक्षात शाळेला स्वतःच एक मनुष्यबळ पुरवणारी संस्था व्हावं लागलं. मुलांची नेमणूक शाळेच्या नावावर, कर आणि विम्याची कागदपत्रं शाळेकडं, पोचवणं-आणणं शाळेचं. कंपनीनं फक्त काम द्यायचं आणि बिल चुकतं करायचं. कंपन्यांना हे सोयीचं होतं म्हणूनच त्या आल्या, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. दयेपोटी एखादं वर्ष कुणी मुलं ठेवून घेतं. दरवर्षी ठेवून घेतं ते काम नीट होत असेल तरच. म्हणून प्रवेश मिळालेल्या मुलांना शाळा भरण्याआधी उन्हाळ्यात प्रशिक्षण असतं. हात कसा मिळवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, फोनवर निरोप कसा घ्यायचा, समजलं नाही तर परत कसं विचारायचं. एखाद्या मुलाला कंपनीनं परत पाठवलं तर त्याला पुन्हा तयार करून दुसरीकडं पाठवतात.

शाळेच्या मंडळींना आधी हा नुसता पैशाचा मार्ग वाटला होता. काही वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की मुलांवर वर्गाइतकाच परिणाम कचेरीचा होतोय. पिल्सन ते लूप अंतर जेमतेम काही किलोमीटर. पण या मुलांच्या घरातली माणसं त्या इमारतींत गेली असतील तर बहुधा रात्री, झाडू-पोछा करायला. मुलगी दिवसा, ओळखपत्र गळ्यात घालून तिथं जाते. वकील, हिशेबनीस, डॉक्टर ही माणसं जवळून कशी असतात, त्यांनी काय शिकून ही खुर्ची मिळवली, हे तिला रोजच्या व्यवहारातून कळतं. चहाच्या वेळी कुणीतरी विचारतं, तू कुठल्या कॉलेजला अर्ज करणार आहेस? कॉलेजला जायचंच आहे असं धरून विचारलेला हा प्रश्न तिला घरात कधी ऐकायला मिळालेला नसतो. सुखवस्तू घरांतल्या मुलांना हे वर्षानुवर्षं फुकट मिळतं. आपल्याकडं त्याला 'ओळखीपाळखी' म्हणतात.

कायद्याचा पेच मात्र खरा होता. अमेरिकी संघराज्याच्या नियमांनुसार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळात काम करता येत नाही. नववीतली मुलं नेमकी याच वयाची. २०१० साली अमेरिकेच्या श्रम खात्यानं बालकामगार नियमांत बदल करताना कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या शाळांच्या 'काम आणि अभ्यास' कार्यक्रमांसाठी खास तरतूद केली. चार आठवड्यांच्या चक्रात तीन आठवडे एकेक दिवस, चौथ्या आठवड्यात दोन दिवस, दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नाही, आठवड्याला अठरा तासांच्या वर नाही. वर सांगितलेलं चौघांचं गणित या शब्दांत तंतोतंत बसतं. एका वस्तीतल्या शाळेची रीत देशाच्या नियमपुस्तकात उतरली.

पसरली, आणि एका ठिकाणी मोडली

२००० नंतरचा भाग थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातले गुंतवणूकदार बी. जे. कॅसिन यांनी शिकागोची शाळा पाहिली आणि अशाच शाळा इतर शहरांत काढायला पैसे दिले. २००१ साली पोर्टलंडमध्ये सुरुवात झाली, २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनही मदतीला आलं, डेन्व्हर, न्यूयॉर्क, क्लीव्हलंड अशा शहरांत शाळा निघाल्या. सगळ्या जेझुईटांच्याच नव्हेत. इतर धर्मसंघ आणि धर्मप्रांतही त्यांत आहेत. २००८ साली फादर फोली यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते नागरी पदक मिळालं.

या यशापेक्षा मला ओमाहाची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते. नेब्रास्का राज्यातल्या या शहरात २००७ साली सेंट पीटर क्लेव्हर क्रिस्तो रे ही शाळा उघडली. वर्षभरात अमेरिकेत मंदी आली. कंपन्या स्वतःचीच माणसं कमी करत होत्या, शाळेतली मुलं कुठून घेणार? कामाच्या जागा पुरेशा मिळाल्या नाहीत, पटसंख्या वाढली नाही, २०११ मध्ये शाळा बंद झाली. शाळेचं भवितव्य शहराच्या नोकरीबाजाराला बांधलेलं असलं की गरिबाच्या घरची नोकरी जाते त्याच वर्षी त्याच्या मुलांची शाळाही जाऊ शकते. सिस्टरांच्या कष्टांवर चालणाऱ्या जुन्या शाळांना निदान मंदी एवढी थेट लागत नव्हती. शिकागो टिकलं, कारण तिथं लूप आहे. मधल्या आकाराच्या शहराला हा आधार नसतो.

आपल्याकडचं 'कमवा आणि शिका'

मराठी वाचकाला इथवर येताना कर्मवीर भाऊराव पाटील आठवले नसतील तरच नवल. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हटलं. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाक करत, शेतात राबत, इमारतीसाठी दगडमाती वाहत. १९२७ साली गांधीजी तिथं आले, त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पोरांच्या पोटाला घालायला काही उरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. 'कुणाचे कष्ट' या प्रश्नाचं रयतचं उत्तर म्हणजे मुलांचे, लक्ष्मीबाईंचे आणि कमी पगारात आयुष्य वाहिलेल्या आजीव सेवकांचे.

दोन्हींत साम्य आहेच, पण फरक मला मोलाचा वाटतो. रयतच्या मुलानं जे पिकवलं, बांधलं, ते त्याच्याच संस्थेचं झालं. हातानं केलेल्या कामाला कमीपणा नाही, हे त्याला जातीच्या भिंती मोडता मोडता कळलं. पिल्सनची मुलगी दुसऱ्याच्या कचेरीत काम करते आणि तिला जे मिळतं ते त्या कचेरीच्या आतलं जग. एकानं श्रमाला प्रतिष्ठा दिली, दुसऱ्यानं प्रतिष्ठेच्या जागी शिरकाव करून दिला. गरज दोन्हींची होती.

बालमजुरीच्या शंकेला माझं उत्तर असं: महिन्यातले पाच दिवस, सावलीतलं काम, मोजलेले तास आणि पगाराचा प्रत्येक डॉलर त्याच मुलाच्या शिक्षणात. याला मजुरी म्हणून धिक्कारणं मला पटत नाही. पण श्रीमंताच्या मुलाला हे पाच दिवस वाचायला, खेळायला, नुसतं बसायला मिळतात, हेही विसरता येत नाही. थकून घरी आलेल्या पोराला दुसऱ्या दिवशीच्या गणिताचा अभ्यास उरलेलाच असतो.

याहून अवघड गाठ दुसरीच आहे. क्रिस्तो रेच्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्यानं काम करायचं असतं, आणि काम करायचं तर कायदेशीर परवानगी लागते. ज्या मेक्सिकन वस्तीसाठी शाळा निघाली तिथं कागदपत्रं नसलेली कुटुंबं घरोघर आहेत. लहानपणी आईच्या कडेवरून सीमा ओलांडलेल्या मुलाला शाळेत शिकण्याचा हक्क आहे, नोकरीचा नाही. शाळा ज्या युक्तीनं गरिबांना परवडू लागली, तीच युक्ती त्यांच्यातल्या सगळ्यात असुरक्षित मुलापुढं भिंत होऊन उभी राहिली.

२०१२ साली ओबामा सरकारनं 'डाका' योजना आणली. लहानपणी आणलेल्या मुलांना वयाच्या पंधराव्या वर्षापासून कामाचा परवाना मिळू लागला आणि अनेकांची वाट मोकळी झाली. पण त्या योजनेची अट अशी आहे, की मूल १५ जून २००७ पूर्वी अमेरिकेत आलेलं असलं पाहिजे. तारीख पुढं कधी सरकलीच नाही. आज नववीच्या प्रवेशाचा अर्ज हातात घेऊन पिल्सनच्या शाळेत येणारं मूल त्या तारखेला जन्मलेलंही नव्हतं.